गाडी घ्यावी, खरं...

नैतिक प्रश्न म्हटले की सत्यासाठी राज्य सोडणारा हरिश्चंद्र किंवा रणांगणावर धनुष्य खाली ठेवणारा अर्जुन आपल्या डोळ्यांसमोर येतो. आपल्यासारख्या पगारदार माणसांच्या वाट्याला असले प्रसंग येत नाहीत. आपले प्रश्न कर्जाच्या अर्जात, मुलांच्या शाळाप्रवेशात आणि महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत दडून बसलेले असतात. आणि ते केवळ हिशेबाचे आहेत असे समजून आपण ते सोडवून टाकतो. नोकरीवर जाण्या-येण्यासाठी एखादी लहान मोटार घ्यावी काय, हा त्यांपैकीच एक. गेले वर्षभर हा प्रश्न माझ्यापुढे आहे. किंमत, पेट्रोल आणि हप्ता यांचा मेळ बसला की तो सुटेल, अशी माझी समजूत होती. मेळ बसला, परंतु प्रश्न शिल्लक राहिला. जे शिल्लक राहिले त्याविषयी लिहिण्याचा हा प्रयत्न आहे.

मी राहतो बेळगावात आणि माझी शाळा आहे खानापूर तालुक्यातील एका गावात. एका बाजूचे अंतर चोवीस किलोमीटर. पुष्कळ वर्षे मी हे अंतर स्कूटरवरून कापले. पुढे गुडघ्यांनी तक्रार सुरू केली, डॉक्टरांनी स्कूटर बंद करावयास सांगितले आणि मी बसकडे वळलो. बसची पायरी उंच, उभे राहून प्रवास करण्याचा प्रसंग वरचेवर येणारा, आणि खानापूरकडचा पाऊस कसा असतो हे या भागातील वाचकांना सांगावयास नको. निवृत्तीला अजून चार वर्षे आहेत. तेव्हा गाडी ही माझी गरज आहे, असे म्हणताना मला संकोच वाटत नाही. सौभाग्यवतींचे मत अनुकूल आहे, पुण्यातला मुलगा रोज नव्या गाडीची माहिती पाठवतो, आणि शिक्षकदालनात तर या विषयावर परिसंवादच झडतो.

या परिसंवादात एक वाक्य मी अनेकदा ऐकले : “सर, मुख्याध्यापकांनी घ्यायची तर जरा भारदस्त गाडी घ्या.” हे भारदस्तपण कोठून आले, याचा विचार करण्यासारखा आहे. १९८३ साली डिसेंबरमध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा तीच भारदस्त होती. अॅम्बॅसिडर आणि फियाट यांच्यापलीकडे मोटार असू शकते, हे आमच्या पिढीला प्रथम तिने दाखवले. गावात एखाद्या डॉक्टरांकडे ती आली की पोरे तिच्याभोवती गोळा होत. त्याच मारुतीचे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत बंद झाले, तेव्हा ती जुनाट आणि गरिबाची गाडी ठरलेली होती. त्या तीस वर्षांत माणसांची अंगे वाढली नाहीत, घरांतील माणसे तर कमीच झाली. वाढली ती फक्त पुरेसे म्हणण्याची मर्यादा.

टाटांच्या नॅनोची कथा याहून बोलकी आहे. स्कूटरवर बसून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून ही कल्पना सुचली, असे रतन टाटा यांनी सांगितले होते. २००८ च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात ती गाडी लोकांना दाखवण्यात आली आणि एक लाख रुपये या किमतीने साऱ्या जगाचे लक्ष वेधून घेतले. परंतु ज्यांच्यासाठी ती होती, त्यांनीच तिच्याकडे पाठ फिरवली. सर्वांत स्वस्त गाडी ही तिची ओळखच तिला भोवली, हे पुढे टाटांनीही मान्य केले. २०१८ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. इतरही कारणे असतील, तरी एक गोष्ट उघड आहे. आपण गाडी घेतो तेव्हा पावसापासून जसा बचाव हवा असतो, तसाच तो लोकांच्या नजरेपासूनही हवा असतो. पावसापासूनचा बचाव हॅचबॅकमध्ये होतो. नजरेपासूनच्या बचावाला मात्र अंत नसतो. कारण शेजाऱ्याने त्याहून मोठी गाडी घेतली की आपली छत्री फाटलीच म्हणून समजावे.

तेव्हा निवड करताना मी सोय, आराम आणि मिरवणूक अशा तीन गोष्टी वेगळ्या काढल्या. आसन उंचावर असावे, म्हणजे गुडघे न वाकवता आत बसता येईल, ही सोय. आपल्याकडे १९९८-९९ साली सँट्रो आणि वॅगन-आर या उंच बांध्याच्या गाड्या आल्या, तेव्हा लोक त्यांच्या रूपाला हसले. परंतु धोतर नेसणारे आजोबा आणि नऊवारीतल्या आजी त्यांत सहज चढू-उतरू शकत. दर शंभर पावलांवर क्लच दाबावा लागू नये, ही माझ्या डाव्या पायापुरती सोयच म्हणावी लागेल. आपोआप गिअर बदलणारी स्वस्त व्यवस्था २०१४ साली सेलेरिओपासून लहान गाड्यांत आली, तोवर ती श्रीमंतांची चैन होती. उन्हाळ्यात थंड हवा, हा आराम. छतातून आभाळ दिसावे आणि चाकांना चकचकीत धातूचे नक्षीकाम असावे, ही मिरवणूक. ही विभागणी सर्वांना सारखी लागू होणार नाही. ज्याचे गुडघे धड आहेत, त्याला माझी सोय चैन वाटेल. म्हणून दुसऱ्याच्या गाडीकडे पाहून त्याच्या नीतीचे माप काढू नये. माप काढावयाचे ते आपलेच.

स्वस्ताईच्या बाबतीतही एक विवेक लागतो. कोठे कात्री लावावी आणि कोठे लावू नये, हा तो विवेक. चालकासमोर एअरबॅग असण्याची सक्ती आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून झाली, आणि गाड्यांच्या धडक-चाचणीची भारतीय गुणपद्धती १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. याचा अर्थ असा की त्यापूर्वी कैक वर्षे आपण स्वस्त गाडी म्हणून जी घेत होतो, तिची उरलेली किंमत अपघातात सापडणारे भरत होते. संगीताच्या पेटीत पाच हजार वाचवणे हा काटकसरीपणा. पत्र्याच्या मजबुतीत पाच हजार वाचवणे याला दुसरे नाव द्यावे लागेल. मागे बसणाऱ्याने पट्टा बांधावा, याबद्दल आपण जो आळस करतो, तोही याच जातीचा.

इंधनाचा विचार फार वेळ घेत नाही. एप्रिल २०२० मध्ये धुराचे नवे नियम आल्यावर लहान डिझेल गाड्या जवळजवळ नाहीशाच झाल्या. सीएनजी किलोमीटरमागे स्वस्त पडतो, परंतु टाकी डिकीतली जागा घेते. विजेची गाडी माझ्या रोजच्या अठ्ठेचाळीस किलोमीटरना सहज पुरेल, परंतु तिची किंमत अधिक. दिवसाला शंभर किलोमीटर धावणाऱ्याला ती वसूल होईल, चार वर्षांनी निवृत्त होणाऱ्याला होणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, त्यामुळे पेट्रोलची हॅचबॅक माझ्या आवाक्यात आली. येथवर हिशेब सरळ होता.

आता त्या हिशेबाची दुसरी बाजू पाहू. इव्हान इलिच या विचारवंताने १९७४ साली एक गंमतीचे आणि काहीसे अस्वस्थ करणारे गणित मांडले होते. सर्वसामान्य अमेरिकन पुरुष गाडी चालवण्यात, ती उभी करण्यात आणि तिच्या खर्चापुरते पैसे कमावण्यात वर्षाला सोळाशेहून अधिक तास घालवतो आणि साडेसात हजार मैल जातो. म्हणजे त्याचा खरा वेग ताशी पाच मैलही भरत नाही. हे गणित मी स्वतःपुरते करून पाहिले. वर्षाचे कामाचे दिवस २२० धरले तर १०,५६० किलोमीटर होतात. लिटरला अठरा किलोमीटर आणि पेट्रोल शंभराच्या वर धरल्यास इंधनाचे सुमारे ६०,००० रुपये. गाडीचे सात लाख दहा वर्षांत विभागले तर ७०,०००. विमा, दुरुस्ती आणि टायर यांचे २५,००० धरू. वर्षाला एक लाख पंचावन्न हजार, म्हणजे कामाच्या प्रत्येक दिवसाला सुमारे ७०० रुपये. संस्थेकडून मानधनावर काम करणाऱ्या आमच्याकडील तरुण शिक्षकाला दिवसाकाठी एवढे पैसे मिळत नाहीत. या सातशेत माझा रोजचा एक तास वाचतो. आणि बसभाडे वजा जाता तो तास विकत घेण्यासाठी मला जवळजवळ एक तासच काम करावे लागते. म्हणजे गाडी घेऊन मी वेळ वाचवतो, हा युक्तिवाद खरा नाही. मी गुडघे वाचवतो, एवढेच खरे. ते कारण पुरेसे आहे, त्याला वेळेचा खोटा आधार देण्याची गरज नाही.

येथे मूळ प्रश्नाला तोंड फुटते. मला परवडते आणि मला गरज आहे, एवढ्याने माझी जबाबदारी संपते काय?

आमच्या बसमध्ये एक शेतकरी पालक असतात. गाडीची बातमी त्यांच्या कानावर गेली, तेव्हा ते म्हणाले, “घ्या की सर. गुडघ्यास्नी आराम पडंल. खरं सर, बशीचं अर्ज आता कोण लिवणार?”

बेळगाव-खानापूरकडच्या वाचकांना हे ‘खरं’ समजले असेल. इंदूर-बडोद्याकडच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या बोलीत ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पुण्याहून नव्याने आलेला पाहुणा या ठिकाणी नेहमी गोंधळतो. मला मात्र त्या दिवशी वाटले की आमच्या बोलीने ‘पण’ आणि ‘सत्य’ यांना एकच शब्द दिला, हे काही वाईट केले नाही. आपल्या सोयीच्या वाक्यापुढे जो ‘पण’ येतो, बहुधा त्यातच खरे काय ते असते.

त्या गृहस्थांच्या बोलण्याचा अर्थ असा. सकाळच्या फेरीची वेळ बदलली, पावसाळ्यात संध्याकाळची फेरी लवकर सुटू लागली, की डेपो मॅनेजरांकडे अर्ज जातो. अर्ज कन्नडमध्ये लिहावा लागतो. गावातील लोक कन्नड बोलतात, समजतात. परंतु चार ओळींचा रीतसर अर्ज लिहून, शिक्का मारून, त्याचा पाठपुरावा करणे हे त्यांच्या हातचे नसते. ते काम आजवर बसने जाणारे शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतील कारकून अशी मंडळी करीत आली. ही मंडळी परोपकार करीत होती असे मुळीच नव्हे. त्यांनाही तीच बस हवी होती, म्हणून त्यांच्या अर्जात जोर होता. आज एकेकाने दुचाकी, चारचाकी घेतली. बस तीच आहे, प्रवासीही भरपूर आहेत; ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेने महिलांना राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास मिळाल्यापासून माझ्या शाळेतील मुलींची आणि त्यांच्या आयांची मोठी सोय झाली आहे. बसमध्ये माणसे कमी झाली नाहीत, अर्ज लिहिणारी माणसे कमी झाली.

आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली नेमके हेच एका पुस्तकात मांडले. त्याला हे कोडे नायजेरियात पडले. तेथील रेल्वे भुईमुगाच्या शेंगा दूरवरच्या बंदरांना नेत असे. पुढे मालमोटारी आल्या. स्पर्धेमुळे रेल्वे सुधारेल, असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात ती सुधारली नाही. कारण जे व्यापारी सर्वांत जागरूक होते आणि रेल्वेच्या गैरसोयीबद्दल ज्यांनी सर्वांत मोठ्याने आरडाओरड केली असती, तेच आधी मालमोटारींकडे निघून गेले. मागे राहिले ते न बोलणारे. गैरसोय झाली की माणसापुढे दोन मार्ग असतात, निघून जाणे किंवा बोलणे. आणि निघून जाणे सोपे झाले की बोलणारे संपतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. भुईमूग पिकवणाऱ्या आमच्या भागाला हे वेगळे समजावून सांगावयास नको.

मुख्याध्यापकाच्या बाबतीत याहून एक अधिक धोका असतो. बसने येणाऱ्या मुख्याध्यापकाला मुले उशिरा का आली हे ठाऊक असते, कारण तोही त्यांच्याबरोबरच उशिरा आलेला असतो. गाडीने येणारा मुख्याध्यापक साडेनऊला फाटकात उभा असतो आणि त्याला दिसतो तो फक्त उशीर. दहावीचे जादा तास साडेपाचपर्यंत लांबवले आणि शेवटची सोयीची बस सव्वापाचला असली, तर मुलींना त्या तासाला बसता येत नाही, किंवा अंधारात फाट्यावर थांबावे लागते. हे वेळापत्रक करणारा स्वतः त्याच बसने जाणार असेल, तर अशी चूक होणेच शक्य नाही. तो गाडीने जाणार असेल, तर त्याला आपल्या हातून काही झाले याचा पत्ताही लागत नाही. त्यात दुष्टपणा नसतो. गाडी आपल्याला अंतराची जाणीव विसरायला लावते, आणि जो अंतर विसरला तो पायी येणाऱ्याला आळशी समजू लागतो.

यावर एक उपाय सुचवला जातो : गाडीतील रिकाम्या जागा भरा. मी एकटा पाच जणांची गाडी घेऊन जाणार, तर तीन सहकाऱ्यांना बरोबर न्यावे. पेट्रोल वाचेल, गप्पा होतील. उपाय चांगला आहे, मी तो करणारही आहे. परंतु त्याने वरचा प्रश्न सुटत नाही, उलट तिपटीने वाढतो. कारण आता अर्ज लिहिणारे आणखी तिघे बसमधून उतरले. विद्यार्थ्यांना घ्यावे म्हटले, तर कोणाला घ्यावयाचे आणि कोणाला फाट्यावर उभे ठेवावयाचे? पडत्या पावसात ज्याला न्यावे लागेल त्याला न्यावेच; परंतु रोजची ठरलेली जागा एखाद्या मुलाला दिली की वर्गातील चाळीस मुले त्याचा अर्थ लावू लागतात. दया ही बसच्या फेरीची जागा घेऊ शकत नाही. फेरी सर्वांची असते, दया ज्याच्या वाट्याला आली त्याची.

मग गाडी घेऊच नये काय? तसे मी म्हणत नाही. थोरोने चालत जाणारा हाच सर्वांत जलद प्रवासी असल्याचे सिद्ध केले, गांधीजींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज’मध्ये आगगाडीवर कठोर टीका केली. त्यांच्या विचारांतील तथ्य मान्य करूनही, सुजलेल्या गुडघ्यांनी उभे राहून जाण्यात मला धर्म दिसत नाही. ज्या त्यागाने कोणाचेही भले होत नाही, तो त्याग हा एक प्रकारचा अहंकारच असतो. मी बसमध्ये कळा सोसत उभा राहिलो, म्हणून फेरी वाढणार नाही; फेरी वाढते ती अर्जाने, पाठपुराव्याने आणि माहितीने. तेव्हा सोडता येणार नाही अशी गोष्ट बसमधील जागा नव्हे, बसशी असलेला संबंध होय. जो निघून जातो त्याने आपला आवाज बरोबर नेऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

सीमाभागातील मराठी कुटुंबांना हा प्रश्न केवळ मोटारीपुरता नाही, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. आमच्या मराठी शाळांचे हेच झाले. ज्यांना परवडले, त्यांनी मुलांना इंग्रजी माध्यमात घातले. त्यांची कारणे खोटी नव्हती. नोकरी, पुढचे शिक्षण, कन्नड आणि इंग्रजीची व्यावहारिक गरज, सारे खरे. मी कोणालाही दोष देत नाही. परंतु पालकसभेत उठून “गणिताला शिक्षक केव्हा येणार?” असे विचारणारे पालकही त्यांच्याबरोबर गेले. मागे उरलेली मुले हुशारीत कमी नाहीत. त्यांच्या बाजूने बोलणारे कमी झाले. आपले मूल ज्या शाळेत नाही तिच्या सभेला जावे, तिच्यासाठी अर्ज करावा, असा नियम कोठे लिहिलेला नाही. आणि तरीही तसे करणारी काही माणसे प्रत्येक गावात आहेत, त्यांच्यामुळेच आमच्या काही शाळांचे वर्ग अजून भरतात.

माझ्यापुरते मी काही ठरवले आहे. गाडी घ्यावयाची ती उंच बांध्याची, पेट्रोलवर चालणारी, मजबुतीच्या चाचणीत बऱ्यापैकी उतरलेली. हप्ते निवृत्तीपूर्वी फिटतील एवढ्याच किमतीची. त्यापुढचे भारदस्तपण परवडले तरी घ्यावयाचे नाही. शनिवारी सकाळची शाळा असते आणि गर्दी कमी असते, त्या दिवशी बसनेच जावयाचे. ते प्रायश्चित्त म्हणून नव्हे, माहिती राहावी म्हणून. शाळेचे वेळापत्रक बसच्या वेळेशी जुळते की नाही, हे दर सत्राच्या आरंभी फाट्यावर उभे राहून पाहावयाचे. आणि बसचे अर्ज लिहिण्याचे काम सोडावयाचे नाही. नववी-दहावीच्या मुलांना कन्नडमध्ये असा अर्ज लिहिण्यास शिकवावे, असाही विचार आहे. पुस्तकातील अर्जापेक्षा तो त्यांना अधिक उपयोगी पडेल, आणि मी निवृत्त झाल्यावर कोणाला तरी तो लिहावाच लागणार आहे.

एवढ्याने सारे साधेल, असा माझा दावा नाही. शनिवारचा नेम एखाद्या पावसाळ्यात मोडेल, अर्जाला उत्तर येणार नाही, गाडीची सवय तर लागेलच. परंतु सुखसोयी वाढण्याचे दिवस आहेत आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात येत्या काही वर्षांत पहिली किंवा दुसरी गाडी येईल. ती आनंदाने आणावी, तिला हार घालावा, पेढे वाटावेत. पेढे देताना आपल्या मागे त्या थांब्यावर कोण उभे राहिले आहे, त्याचे नाव-गाव आपल्याला ठाऊक असावे, आणि त्याचा अर्ज लिहिण्याची वेळ आली तर पेन आपल्या खिशात असावे.